दोघांची बोट, दोघांची दुरुस्ती: लांबच्या सफरीवर निघणाऱ्या जोडप्यांसाठी

शिडाच्या बोटीवर वर्ष-दोन वर्षं काढायचं ठरवून निघणाऱ्या जोडप्यांसाठी हे लिहितेय. शिडं चढवणं-उतरवणं, सागरी नकाशा वाचणं, हवामानाचा अंदाज घेणं तुम्हाला येतं असं धरून चालते. शिकवणीच्या वर्गात न सांगितलेला भाग इथे आहे: बोटीवरचा रोजचा दिवस कसा असतो आणि त्यातला केवढा तुकडा दुरुस्तीत जातो. खारं पाणी, ऊन आणि सततचं हलणं यांच्यापुढे कुठलीच वस्तू फार दिवस धड राहत नाही. पंप, दोर, वायर, झडप, रोज काहीतरी डोकं वर काढतं. त्याला संकट न म्हणता दिवसाच्या वेळापत्रकातच जागा दिली की चिडचिड निम्मी होते.

दोघांच्याच बोटीवर सर्वांत धोक्याचं वाक्य म्हणजे 'ते त्यालाच येतं'. ज्याला येतं तो तापानं फणफणला, हात मोडून बसला किंवा पाण्यात पडला, तर दुसऱ्यानं काय करायचं? खालच्या प्रत्येक पायरीत हा प्रश्न स्वतःला विचारत चला.

१. निघण्याआधी बोट पालथी घाला

दोन पूर्ण दिवस काढा. फळ्या, गाद्या, कप्प्यांची झाकणं, सगळं उघडा. बोटीच्या तळाला किती भोकं आहेत ते मोजा. संडासाचं पाणी आत येणारं आणि बाहेर जाणारं, सिंकचं, इंजिनच्या थंडाव्याचं, वेगमापकाचं, अशी बरीच निघतात. प्रत्येक भोकावर सीकॉक, म्हणजे बंद करायची झडप, असते. ती हातानं फिरते का ते पाहा. अडकलेली झडप ही उघडीच झडप समजायची.

मग प्रत्येक होजवर, जागा असेल तिथे, स्टेनलेसचे दोन क्लॅम्प आहेत का ते तपासा. क्लॅम्पच्या पट्टीची खालची बाजू बोटानं चाचपा, गंज तिथे लपतो. झडपेचा धातू गुलाबीसर दिसत असेल तर सावध व्हा. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून गेलं की उरलेला धातू ठिसूळ होतो आणि हातोडीच्या हलक्या टोल्यानंही तुटतो. प्रत्येक झडपेशेजारी त्या मापाचं लाकडी बूच दोरीनं बांधून ठेवा. कप्प्यात ठेवलेलं बूच अंधारात, गुडघाभर पाण्यात सापडत नाही.

या सगळ्याचा एका कागदावर नकाशा काढा आणि जिन्याजवळ चिकटवा. त्यानंतर दोघांनीही, एकेकट्यानं, दिवे बंद करून सगळ्या झडपा बंद करून दाखवायच्या. खेळासारखं करा, पण करा.

बिल्ज, म्हणजे बोटीचा आतला तळ, कोरडा ठेवायची सवय लावा. तळ कोरडा असेल तरच नवीन पाणी आल्याचं कळतं. पाणी दिसलं आणि त्याला डिझेलचा किंवा तेलाचा वास नसेल तर जिभेला बोट लावून चव घ्या. खारट लागलं तर समुद्र आत येतोय, गोडं असेल तर पिण्याची टाकी किंवा पाऊस. ऐकायला कसंतरी वाटतं, पण शोध अर्ध्या वेळात संपतो.

२. कामं वाटून घ्या, माहिती दोघांकडे पूर्ण ठेवा

आमच्यात इंजिन आणि वीज माझ्याकडे, दोर-शिडं आणि नांगर माझ्या जोडीदाराकडे. वाटणी असावीच, नाहीतर प्रत्येक गोष्टीवर बैठक भरते. पण पुढची कामं दोघांनाही एकट्यानं जमलीच पाहिजेत:

- इंजिन सुरू करणं, बंद करणं, फिल्टर बदलणं
- मुख्य शीड कमी करणं, म्हणजे रीफ घेणं
- नांगर टाकणं आणि काढणं
- व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर मदतीची हाक देणं, त्यात बोटीचं नाव, अक्षांश-रेखांश, धोका काय आणि माणसं किती हे सांगणं
- पाण्यात पडलेल्याला बोटीवर ओढून घेणं

शेवटचं काम सर्वांत अवघड आहे. ओले कपडे घातलेलं, दमलेलं माणूस हातानं वर येत नाही. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढायचा दोर, विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चरकीवर, घेऊन त्यानं उचलायचं असतं. शांत उपसागरात, उन्हाच्या दिवशी, दोघांनीही पाळीपाळीनं पाण्यात उतरून याचा सराव करा. हलक्या माणसाला जड माणूस उचलता आला पाहिजे. तो येत नसेल तर दोराची मांडणी बदला, पुली वाढवा.

दुरुस्तीच्या वेळचे दोन नियम आम्ही पाळतो. हात ज्याचे काळे झालेत त्याचा शब्द शेवटचा. दुसऱ्यानं टॉर्च धरायचा, मागितलेला पाना द्यायचा आणि न विचारलेला सल्ला गिळायचा. संसार टिकवायला या दोन नियमांनी जेवढी मदत केली तेवढी समुद्रावरच्या कुठल्याही सूर्यास्तानं केलेली नाही.

३. हत्यारं, सुटे भाग आणि एक वही

हत्यारं थोडी पण चांगली घ्या. पानांचे संच घेताना बोटीवरचे नटबोल्ट मिलिमीटरचे की इंचाचे ते आधी पाहा. जुन्या बोटींवर दोन्ही भेटतात. निघताना पुढच्या गोष्टी हव्यातच:

- पाने, सॉकेट सेट, ॲलन कीज, पक्कड, ग्रिप प्लायर, हॅकसॉ आणि भरपूर पाती
- मल्टिमीटर, वायरची टोकं दाबायचा चांगला क्रिंपर, हीट-श्रिंक नळ्या
- इंजिनसाठी: इंपेलर (थंडाव्याचं पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) आणि त्याची गॅस्केट, बेल्ट, तेलाचे आणि डिझेलचे फिल्टर, थर्मोस्टॅट, तेल, कूलंट
- संडासाच्या पंपाचा पूर्ण किट, गोड्या पाण्याचा एक जादा पंप
- वेगवेगळ्या मापांचे होज, क्लॅम्प, स्टेनलेस नटबोल्ट, कॉटर पिना
- पाण्याखाली घट्ट होणारं इपॉक्सी, सीलंट, आपोआप चिकटणारी सिलिकॉन टेप
- शीड शिवायचं सामान: मोठ्या सुया, मेणाचा दोरा, तळहाताचं चामडी कवच, चिकट डॅक्रॉन कापड

सुटा भाग विकत घेतला की लगेच एकदा बसवून पाहा. खोक्यावरचा नंबर बरोबर आणि आतला भाग चुकीचा, हे भर समुद्रात कळणं परवडत नाही. उत्तम म्हणजे नवा भाग बसवून टाका आणि चालू स्थितीतला जुना भाग सुटा म्हणून ठेवा. बसवायची रीतही हाताला कळते.

वही मात्र विसरू नका. त्यात तारीख, इंजिनचे तास, काय बदललं, भागाचा नंबर आणि तो कुठल्या कप्प्यात आहे हे लिहायचं. भाग सुटा करण्याआधी फोनवर फोटो काढा. दुसऱ्याला वही वाचून काम करता आलं तरच ती वही, नाहीतर रोजनिशी.

४. डिझेल इंजिन: घाबरू नका, ऐका

डिझेल इंजिनला चार गोष्टी लागतात: स्वच्छ इंधन, हवा, थंडावा आणि सुरू करायला पुरेशी वीज. बहुतेक बिघाड पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत निघतात.

सुरू करण्याआधी रोज तेलाची पातळी, कूलंट, बेल्टचा ताण आणि इंजिनखालची थाळी बघा. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, इंजिन सुरू करू नका. बेल्टच्या आसपास काळी भुकटी दिसली तर बेल्ट झिजतोय किंवा पुली एका रेषेत नाहीत. सुरू केल्याबरोबर मागे जाऊन एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते पाहा. पडत नसेल तर लगेच बंद करा. इंपेलर रबराचा असतो आणि पाण्याशिवाय फार तर मिनिटभर तग धरतो.

इंपेलरची पाती तुटलेली दिसली तर तुकडे मोजा. चार कमी असतील तर चारही सापडेपर्यंत काम संपलेलं नाही. ते बहुधा हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे इंजिनची उष्णता काढून घेणाऱ्या भागाच्या, तोंडाशी अडकतात आणि नवा इंपेलर घातला तरी इंजिन तापतंच.

धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही: हवा कमी पडतेय, भार जास्त आहे किंवा पंख्यावर, म्हणजे बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरवर, शिंपले चढलेत. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा वाफ.

आता इंधन. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, पाणी आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि चिकट गाळ तयार होतो. शांत पाण्यात तो निमूट पडून राहतो. खवळलेल्या समुद्रात घुसळला जातो आणि नेमका बंदराच्या तोंडाशी फिल्टर बुजवतो. म्हणून पहिल्या फिल्टरच्या पारदर्शक वाटीत रोज डोकवा, पाणी दिसलं तर खालच्या नळीतून काढा. अनोळखी ठिकाणी डिझेल घेताना पाणी अडवणारं फिल्टरचं नरसाळं वापरा. वेळ लागतो, मागचे लोक कंटाळतात, कंटाळू द्या.

फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते आणि इंजिन बंद पडतं. जुन्या पद्धतीच्या इंजिनात फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून इंधनपंपाची छोटी दांडी हलवत राहायचं. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. दांडी नुसतीच लुळी हलत असेल तर इंजिनची पुली थोडी फिरवा, कॅम अडलेल्या जागी असतो. नव्या कॉमन-रेल इंजिनांत मात्र उच्च दाबाच्या नळ्यांना हात लावू नका, त्यांची रीत पुस्तिकेत वेगळी असते.

इथला एक सापळा फार महागात पडतो. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर पुन्हा पुन्हा मारत राहिलात, तर समुद्राचं पाणी आत येत राहतं, पण ते बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा दाब नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं. दोन-तीन प्रयत्नांनंतर थंडाव्याचा सीकॉक बंद करा आणि सायलेन्सरला ड्रेन असेल तर साचलेलं पाणी काढून टाका. इंजिन पेटताक्षणी सीकॉक उघडा. आठवण राहावी म्हणून किल्ली त्या सीकॉकच्या दांड्याला अडकवून ठेवणारे लोक मला माहीत आहेत. शहाणे आहेत.

५. वीज: बहुतेक वेळा सैल जोडच असतो

एखादा दिवा लागत नाही म्हणून दिवा बदलू नका. आधी मल्टिमीटरनं व्होल्टेज कुठपर्यंत पोचतंय ते पाहा. बॅटरी, फ्यूज, स्विच, जोड, उपकरण, याच क्रमानं पुढे सरका. खाऱ्या हवेत तांब्याची उघडी टोकं हिरवी-काळी पडतात, म्हणून कलई केलेली वायर आणि गोंद असलेली हीट-श्रिंक वापरा.

लीड-ॲसिड बॅटरी काही तास विसावलेली असताना साधारण १२.७ व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली असते, १२.२ च्या आसपास अर्धी. अर्ध्याच्या खाली वारंवार नेली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. लिथियम आयर्न फॉस्फेटचं तसं नाही. तिचं व्होल्टेज बराच काळ १३.२ च्या आसपास सपाट राहतं, त्यामुळे आकड्यावरून काही कळत नाही. किती वीज गेली-आली हे मोजणारा शंट-मॉनिटर लागतो. शिवाय लिथियम बॅटरी अल्टरनेटरकडून एवढी वीज ओढते की तो तापून जळू शकतो. चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या नियंत्रकानं अचानक जोड तोडला तर अल्टरनेटरचे डायोडही जातात. म्हणून फक्त बॅटरी बदलून भागत नाही, चार्जिंगची सगळी मांडणी बदलावी लागते. हे काम जाणकाराकडून करून घ्या आणि तो काम करत असताना दोघंही शेजारी बसा.

नांगरावर सर्वांत जास्त वीज फ्रिज खातो, समुद्रावर ऑटोपायलट. मधल्या आकाराच्या बोटीचा दिवसाचा खर्च १२ व्होल्टवर १०० ते २०० अँपिअर-अवरपर्यंत सहज जातो. सोलर पॅनेल त्या हिशोबानं लावा, आणि दोराची सावली पॅनेलवर पडतेय का ते दिवसभर बघा. एवढीशी सावलीही उत्पादन बरंच पाडते.

६. पाणी, गॅस आणि तो विषय

पाणी आधी. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची आणि गोड्या पाण्यानं फक्त विसळायची, अंघोळीचंही तसंच. रिव्हर्स ऑस्मोसिसचं यंत्र असेल तर ते साधारण ५५ बार दाबानं समुद्राचं पाणी पडद्यातून ढकलतं. ते घाणेरड्या बंदरात चालवू नका, तेल पडदा खराब करतं. वापरात नसेल तर आठवड्यातून एकदा तरी गोड्या पाण्यानं धुवा. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं आणि तेही पडद्याचा शत्रू, म्हणून धुण्याचं पाणी कार्बन फिल्टरमधून घ्या. यंत्र असलं तरी टाक्या आणि काही कॅन भरलेले असूच द्या. यंत्राच्या भरवशावर रिकाम्या टाकीनं निघू नये.

गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो बिल्जमध्ये जाऊन बसतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडरचा कप्पा बाहेरच्या बाजूला निचरा असलेलाच हवा. जोडांवर साबणाचं पाणी लावून महिन्यातून एकदा तपासा. देश बदलला की सिलिंडरचं तोंड बदलतं, भरायला जोडणी मिळत नाही, म्हणून वेगवेगळे ॲडॉप्टर गोळा करत राहा.

आता संडास. हा तुंबेल. प्रश्न फक्त कधी एवढाच. खारं पाणी आणि लघवी एकत्र आली की होजच्या आत दगडासारखा थर जमतो आणि नळी वर्षागणिक अरुंद होत जाते. प्रत्येक वापरानंतर, पाणी भांड्यातून दिसेनासं झालं तरी, पंप आणखी बराच मारा, म्हणजे मैला पूर्ण नळीभर न थांबता बाहेर जाईल. अधूनमधून व्हिनेगर टाकून रात्रभर ठेवा. त्यानं नवा थर मऊ पडतो, जुना जात नाही. जुना काढायला होज सोडवून, किनाऱ्यावर नेऊन आपटावा लागतो. पाणी भांड्यात उलटं येऊ लागलं तर पंपाच्या पुढची रबरी जोकर व्हॉल्व्ह गेली, ती स्वस्त असते, दोन-तीन ठेवा. पोटातून न आलेलं काहीही त्यात टाकायचं नाही, कागदसुद्धा नाही. पाहुण्यांना हे पहिल्या पाच मिनिटांत, न लाजता सांगा.

मैला कुठे सोडायचा याचेही नियम आहेत. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडायला मनाई आहे, इतरत्र अंतरं वेगळी. प्लॅस्टिक मात्र जगात कुठेही समुद्रात टाकायचं नाही.

७. दोर, शिडं, डोलकाठी

रोज सकाळी हातात चहाचा कप घेऊन डेकवर पूर्ण फेरी मारा. डेकवर एखादी पिन, नट किंवा वॉशर पडलेला दिसला तर तो वरून कुठूनतरी आलाय. तो कुठला हे कळेपर्यंत शीड चढवू नका.

दोर एकाच जागी घासून तुटतात. लांबच्या पल्ल्यावर रोज हॅलयार्ड वीतभर पुढेमागे करा, म्हणजे घासणारी जागा बदलत राहील. डोलकाठीला ताण देणाऱ्या तारा बहुधा टोकाशी, दाबून बसवलेल्या फिटिंगच्या तोंडाशी तुटतात. कापूस फिरवा, तुटका धागा असेल तर तंतू अडकतात. या तारा दहा-बारा वर्षांनी बदलायच्या असतात, त्या चांगल्या दिसत असल्या तरी. बोट जुनी घेतली असेल आणि तारांचं वय कोणी सांगू शकत नसेल, तर संपलंय असं समजा.

शिडाचं कापड टिकतं, शिवण आधी जाते. उन्हानं दोरा कुजतो. नखानं शिवण खरवडून पाहा, दोरा तुटला तर पुन्हा शिवण घालायची वेळ झाली. फाटलं तर चिकट कापड लावण्याआधी ती जागा गोड्या पाण्यानं धुवा, वाळवा, स्पिरिटनं पुसा. मिठावर काहीच चिकटत नाही. ठिगळाचे कोपरे गोल कापा.

ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेसचा स्क्रू नुसता बसवला तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि स्क्रू कायमचा जाम होतो. मध्ये गंजरोधक पेस्ट लावा.

८. समुद्रावरचे दिवस

दोघं असाल तर रात्रीचे पहारे तीन-तीन तासांचे बहुतेकांना झेपतात. काहींना चार बरे वाटतात. पहिल्या तीन रात्री वाईट जातात, मग शरीर जुळवून घेतं. म्हणून पहिल्या तीन दिवसांचं जेवण आधीच करून ठेवा, मळमळीची गोळी निघण्याच्या आधी घ्या आणि त्या दिवसांत कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका, विशेषतः 'बोट विकून टाकू या' हा.

पहारा म्हणजे खरंच बघणं. सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला ५ वा नियम प्रत्येक नौकेला सतत टेहळणी ठेवायला सांगतो. हिशोब करून बघा: मालवाहू जहाज २० नॉटनं (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) येतंय, तुम्ही ६ नॉटनं त्याच्या दिशेनं जाताय, तर ८ सागरी मैलांचं अंतर १८-१९ मिनिटांत संपतं. एआयएसवर, म्हणजे आसपासच्या जहाजांची जागा दाखवणाऱ्या यंत्रणेवर, दिसतंय म्हणून निवांत बसू नका, सगळ्याच नौकांवर ते नसतं. मासेमारीच्या छोट्या होड्या तर दिव्याशिवायही भेटतात.

आमच्या बोटीवर न मोडता येणारा एकच नियम आहे: दुसऱ्याला उठवल्याशिवाय रात्री कॉकपिटबाहेर, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेबाहेर, पाऊल टाकायचं नाही. झोपमोड झाली तरी चालेल. जिन्यातून वर येण्याआधीच टेदर, म्हणजे अंगाला बांधलेला सुरक्षा-दोर, जॅकलाइनला, म्हणजे डेकवर लांब ताणलेल्या पट्ट्याला, अडकवा. झोपलेला माणूस उठून वर येतो तेव्हा तुम्ही तिथे नसाल, तर शोध कुठून सुरू करायचा हेही त्याला कळणार नाही. ४०६ मेगाहर्ट्झचं ईपर्ब, म्हणजे संकटाचा संदेश उपग्रहाला पाठवणारं यंत्र, नोंदणीकृत आहे ना, त्यात दिलेला किनाऱ्यावरचा फोन चालू आहे ना आणि बॅटरीची मुदत आहे ना, हे निघण्याआधी तपासा.

दुरुस्ती समुद्रावर कमीत कमी करा. बोट तरंगती, पुढे जाती आणि वळती ठेवायला लागतं तेवढंच. बाकी यादीत टाका. हलत्या बोटीवर पुली उघडली तर आतल्या गोळ्या घरंगळून तळाला जातात.

सामान भरताना खोकी किनाऱ्यावरच टाका, पुठ्ठ्यात झुरळांची अंडी येतात. फळं-भाज्या धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून मगच जाळीत ठेवा.

९. नांगरावर

साखळी असेल तर खोलीच्या किमान पाचपट सोडा, वारा असेल तर सातपट किंवा जास्त. खोली मोजताना भरतीचं पाणी आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची दोन्ही धरा. मग इंजिन हळूहळू मागे घेऊन नांगर रुतवा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बोट सरकतेय का ते पाहा. ताण विंडलासवर, म्हणजे साखळी ओढायच्या यंत्रावर, ठेवू नका, झटके शोषणारा नायलॉनच्या दोराचा स्नबर लावा.

साखळीचं आतलं टोक बोटीला दोरानं बांधा आणि तो दोर डेकपर्यंत येईल एवढा लांब ठेवा. घाईत नांगर सोडून पळायची वेळ आली तर तो दोर सुरीनं कापता येतो. हातवारे ठरवून घ्या. पुढून मागे ओरडून बोललेलं वाऱ्यात ऐकू येत नाही, फक्त शेजारच्या बोटींना ऐकू जातं.

छोटी होडी रात्री पाण्यातून वर उचला. चोरीही टळते आणि तिच्या तळाला शिंपलेही धरत नाहीत. आठवड्यातला एक दिवस यादीला हातही लावायचा नाही असं ठरवा.

१०. कागद

एका जलरोधक पिशवीत मूळ प्रती, दुसरीत झेरॉक्स, शिवाय स्कॅन:

- पासपोर्ट, व्हिसा
- बोटीची नोंदणी, विमा
- रेडिओ परवाना (त्यावर एमएमएसआय, म्हणजे बोटीचा रेडिओवरचा ओळख-नंबर, असतो) आणि चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र
- बोट चालवण्याच्या पात्रतेचं प्रमाणपत्र, दोघांचंही
- बोटीवरच्या माणसांच्या यादीच्या भरपूर प्रती
- मागच्या बंदरातून निघाल्याचा दाखला
- नियमित औषधांच्या चिठ्ठ्या

नोंदणी शक्यतो दोघांच्या नावावर करा. ते जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र करून ठेवा. मालक रुग्णालयात असताना दुसऱ्याला बोट हलवायचा कागदी अधिकारच नाही, अशी कोंडी होऊ शकते.

नव्या देशात शिरताना पिवळं क्यू निशाण चढवा. परवानगी मिळेपर्यंत सहसा फक्त कप्तानानं उतरायचं असतं. बोटीच्या नावाचा एक रबरी शिक्का करून घ्या. गंमत वाटेल, पण काही कचेऱ्यांत त्यानं काम हलतं.

माणसांचा मुक्काम आणि बोटीचा मुक्काम वेगवेगळा मोजतात, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. शेंगेन देशांत बाहेरच्या नागरिकांना साधारणपणे १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. बाहेर राहणाऱ्यांची बोट मात्र युरोपीय संघात करमाफीवर १८ महिन्यांपर्यंत ठेवता येते. न्यूझीलंडनं २०१८ पासून येणाऱ्या बोटींचा तळ स्वच्छ असल्याचा पुरावा मागायला सुरुवात केली, त्यामुळे तळ साफ केल्याच्या पावत्या आणि फोटो जपा.

विम्याचा कागद ओळन् ओळ वाचा. उत्तर अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात, दक्षिण पॅसिफिकचा नोव्हेंबर ते एप्रिल. त्या काळात त्या पट्ट्यात बोट असेल तर अनेक विमे वादळाचं नुकसान भरत नाहीत. दुरुस्तीसाठी एखाद्या जागी अडकायचं झालं तरी ही तारीख डोळ्यांसमोर हवी.

परदेशात मागवलेल्या सुट्या भागांवर 'प्रवासातील बोटीसाठी' अशा अर्थाचा शेरा आणि बोटीचं नाव टाका. बऱ्याच देशांत त्यानं जकात वाचते. लिथियम बॅटरी विमानानं मागवणं जिकिरीचं असतं, ती आधीच घेऊन ठेवा.

११. बोट पाण्याबाहेर काढताना

दोनेक वर्षांतून एकदा तरी बोट वर काढावी लागते: तळाला शेवाळरोधक रंग, ॲनोड (बाकीचा धातू वाचवायला स्वतः झिजणारा तुकडा) बदलणं, सीकॉक, पंखा, शाफ्टची बेअरिंग. आधी विचारा की यार्डात स्वतः काम करू देतात का आणि बोटीवर राहू देतात का. राहणं म्हणजे उंच शिडी, सिंकचा निचरा बंद, आणि संडासासाठी रात्री टॉर्च घेऊन चालत जाणं. शिडी वरच्या टोकाला बांधल्याशिवाय चढू नका.

उचलायच्या पट्ट्या नेमक्या कुठे लावायच्या याची खूण बोटीच्या कडेवर करा आणि तळाचा एक जुना फोटो चालकाला दाखवा. पट्टी शाफ्टवर किंवा वेगमापकावर आली तर वाकणार. जुना रंग कोरडा घासू नका, त्याची धूळ विषारी असते. पाणी मारत घासा, मास्क लावा. बोट ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याचा रंग चालत नाही. ॲनोडवर रंग लावायचा नाही. तो अर्धा झिजला असेल तर बदला.

पाण्यात परत सोडताना घाई करणारे भेटतील. बोट पट्ट्यांवरच असताना एकानं आत उतरून सगळे सीकॉक, शाफ्टचा सील आणि बिल्ज बघायचं, दुसऱ्यानं चालकासमोर उभं राहायचं. रबरी घडीचा कोरडा सील असेल तर पाण्यात उतरल्यावर तो हातानं दाबून आतली हवा काढावी लागते, नाहीतर तो कोरडाच घासून तापतो. आतून 'कोरडं आहे' असा आवाज आल्यावरच पट्ट्या सैल करू द्या.